देवदूत, निर्वासित आणि पाण्यावर पेटणारी आग

१/
इ.स. ९४१ चा जून महिना. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात सम्राट रोमानोस लेकापेनोस याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कीव्हचा राजा इगोर हजाराहून अधिक नौका घेऊन काळ्या समुद्रातून राजधानीकडे येत होता, आणि साम्राज्याचे आरमार नेमके अरबांशी लढण्यासाठी दूर गेले होते. गोदीत उरली होती ती अवघी १५ जुनी, मोडकळीला आलेली जहाजे. आरमाराच्या हिशेबातही ती कोणी धरली नव्हती.

२/
सम्राटाने कारागिरांना बोलावले आणि एकच हुकूम दिला. आग फेकणारी यंत्रे एरवी जहाजाच्या पुढच्या टोकाला बसवत. या वेळी ती मागेही बसवा आणि दोन्ही कडांनाही बसवा. डागडुजी होऊन ती १५ जहाजे समुद्रात उतरली. वारा पडलेला होता, पाणी निपचित होते. एवढेसे आरमार पाहून इगोरच्या लोकांनी त्यांना चहूबाजूंनी वेढले. माणसे जिवंत पकडायची, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात त्या जुन्या जहाजांनी चारी दिशांना आग ओकायला सुरुवात केली.

३/
जळून मरण्यापेक्षा बुडून मेलेले बरे म्हणून लोकांनी समुद्रात उड्या घेतल्या. चिलखताच्या आणि शिरस्त्राणाच्या ओझ्याने काही तळाशी गेले. जे पोहत राहिले ते पोहता पोहताच जळाले, कारण आग पाण्यावरही पेटलेली होती. हे वर्णन इटलीतील धर्मगुरू लिउतप्रांद याने लिहून ठेवले आहे. त्याचे सावत्र वडील त्या वेळी राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलमध्ये होते. जे वाचून मायदेशी परतले त्यांनी सांगितले की, ग्रीकांजवळ आकाशातली वीज आहे. ही आठवण रशियाच्या जुन्या बखरीत नोंदलेली आहे.

४/
ही 'वीज' आज जगाला 'ग्रीक फायर' या नावाने माहीत आहे. गंमत अशी की, ज्यांनी ती वापरली त्यांनी तिला हे नाव कधीच दिले नाही. आपण ज्यांना बायझंटाइन म्हणतो ते लोक स्वतःला रोमन म्हणवत आणि या अस्त्राला 'सागरी अग्नी' किंवा 'द्रव अग्नी' म्हणत. 'ग्रीक' हे विशेषण पश्चिम युरोपातल्या लोकांनी लावले. पुढे धर्मयुद्धांच्या काळात तर शत्रूने फेकलेल्या कोणत्याही ज्वालाग्राही पदार्थाला हेच नाव मिळू लागले. त्यामुळे मूळ अस्त्राभोवतीचे धुके आणखी दाट झाले.

५/
या अस्त्राविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ते कशाचे बनलेले होते? त्याहून मोलाचा प्रश्न दुसराच आहे. त्याचे गुपित राहत कुठे होते? पोथीत, भांडारात, देवळात की माणसांच्या हातांत? साम्राज्याने या प्रश्नाचे जे उत्तर जगाला दिले, ते खोटे होते. आणि त्या खोट्या उत्तराची किंमत अखेरीस साम्राज्यालाच मोजावी लागली असावी.

६/
गोष्ट सातव्या शतकात सुरू होते. इ.स. ६३६ मध्ये यारमूकच्या लढाईत रोमन सैन्य अरबांकडून पराभूत झाले. पाठोपाठ सीरिया गेला, इजिप्त गेला, आणि त्यांच्याबरोबर बंदरे, गोद्या, जहाजे बांधणारे सुतार आणि जहाजे हाकणारे खलाशीही गेले. वाळवंटातून आलेल्या सत्तेने काही वर्षांतच आरमार उभे केले. ६५५ च्या सुमारास लिकियाच्या किनाऱ्याजवळ झालेल्या लढाईत रोमन आरमाराची दाणादाण उडाली. सम्राट कॉन्स्टन्स दुसरा हा स्वतःची वस्त्रे दुसऱ्याच्या अंगावर चढवून कसाबसा निसटला. राजवस्त्र अंगावर घेतलेला तो माणूस मारला गेला.

७/
कॉन्स्टन्सचा मुलगा कॉन्स्टंटाइन चौथा गादीवर असताना अरब आरमार थेट राजधानीच्या दाराशी आले. मार्मारा समुद्रातील सायझिकस येथे त्यांनी तळ ठोकला. परंपरेने या वेढ्याचा काळ ६७४ ते ६७८ असा सांगितला जातो. काही आधुनिक संशोधक तो काही वर्षे अलीकडे, ६६७ ते ६६९ च्या सुमारास धरतात. याच धामधुमीत एक माणूस सीमा ओलांडून कॉन्स्टँटिनोपलला आला. त्याचे नाव कॅलिनिकोस.

८/
नवव्या शतकाच्या आरंभी थिओफनीस या भिक्षूने लिहिलेल्या बखरीत कॅलिनिकोसविषयी जेमतेम एक-दोन वाक्ये आहेत. तो सीरियातील हेलिओपोलिसचा, म्हणजे आजच्या लेबनॉनमधील बालबेकचा. व्यवसायाने स्थपती. तो रोमनांकडे पळून आला, त्याने सागरी अग्नी सिद्ध केला आणि अरबांची जहाजे माणसांसकट जाळली. बस्स, इतकेच. त्याच्यामागे घरदार होते का, तो कोणत्या वाटेने आला, त्याला कोणी आसरा दिला, यांपैकी काहीही बखरकाराने नोंदवलेले नाही.

९/
त्या काळी स्थपती म्हणजे केवळ इमारती बांधणारा नव्हे. नळ, झडपा, पाणी उपसणारी यंत्रे, ओतकाम, हे सारे त्याच्या विद्येत येई. बालबेकसारख्या प्रचंड मंदिरांच्या शहरातला स्थपती यंत्रविद्येत मुरलेला असणे स्वाभाविकच. विशेष म्हणजे, कॅलिनिकोसच्या आगमनाची नोंद करण्याआधीच्याच वर्षात थिओफनीस आग फेकणाऱ्या नळ्या बसवलेल्या जहाजांचा उल्लेख करतो. म्हणजे कल्पना हवेत आधीपासून असावी. ज्वालाग्राही तेले तर प्राचीन काळापासून ठाऊक होती. कॅलिनिकोसने बहुधा त्या आगीला दाब दिला, दिशा दिली आणि जहाजावर वापरता येईल असे रूप दिले.

१०/
या अस्त्राची खरी कसोटी लागली ती ७१७ मध्ये. सेनापती मस्लमाने जमिनीवरून शहर वेढले आणि सप्टेंबरच्या आरंभी अरब आरमार समुद्रातून येऊन ठेपले. थिओफनीस जहाजांचा आकडा १८०० देतो. मध्ययुगीन आकड्यांप्रमाणे तोही हात राखूनच घ्यावा. ताफ्याच्या पिछाडीला २० अवजड जहाजे होती आणि प्रत्येकावर १०० चिलखतधारी योद्धे. वारा पडला आणि बॉस्फोरसच्या प्रवाहाने ही जड जहाजे मागे ढकलली. सम्राट लिओ तिसऱ्याने नेमका तोच क्षण साधून अग्निनौका सोडल्या. काही जहाजे तटाशी येऊन जळाली, काही माणसांसकट बुडाली, काही पेटलेल्या अवस्थेतच जवळच्या बेटांपर्यंत वाहत गेली.

११/
पुढच्या वसंतात इजिप्त आणि आफ्रिकेतून अरबांना दोन नवे ताफे येऊन मिळाले. आगीच्या धास्तीने ते दूर, आडोशाच्या किनाऱ्याला नांगरून राहिले. मात्र त्या जहाजांवरचे बरेच खलाशी इजिप्तमधील ख्रिस्ती होते. एका रात्री त्यांनी लहान होड्या काढल्या आणि सम्राटाचा जयजयकार करत ते शहराच्या आश्रयाला आले. ताफा कुठे लपला आहे हे त्यांच्याकडूनच कळले. अग्निनौका गेल्या आणि तो ताफा जाळून आल्या. ऑगस्ट ७१८ मध्ये वेढा उठला. एका पळून आलेल्या माणसाने अस्त्र दिले, आणि दोन पिढ्यांनंतर पळून आलेल्या माणसांनीच त्याला लक्ष्य दाखवले.

१२/
आता दोनशे-सव्वादोनशे वर्षे पुढे जाऊ. दहाव्या शतकाच्या मध्यावर सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा आपल्या किशोरवयीन मुलासाठी, रोमानोससाठी, राज्यकारभाराची शिकवण देणारा एक ग्रंथ सिद्ध करवतो. त्याच्या १३व्या प्रकरणात तो मुलाला बजावतो की, परके लोक कधी राजमुकुट आणि राजवस्त्रे मागतील, कधी नळ्यांतून फेकला जाणारा द्रव अग्नी मागतील, तर कधी राजघराण्याशी सोयरीक मागतील. या मागण्या टोलवायच्या कशा, त्याची तयार उत्तरेच तो मुलाच्या हाती देतो.

१३/
आगीविषयीचे उत्तर असे. हा अग्नी देवाने देवदूताकरवी पहिला ख्रिस्ती सम्राट, थोर कॉन्स्टंटाइन याला दिला. तो केवळ ख्रिस्ती लोकांत आणि केवळ याच नगरीत तयार व्हावा, अशी आज्ञाही दिली. सम्राटाने चर्चच्या वेदीवर शापवाणी कोरवली की, जो कोणी हे परक्यांना देईल त्याने ख्रिस्ती म्हणवून घेऊ नये. पुढे एका सेनापतीने लाच घेऊन ते देऊ केले. तो चर्चमध्ये पाऊल टाकत असतानाच आकाशातून आग उतरली आणि त्याला गिळून गेली.

१४/
थोर कॉन्स्टंटाइन चौथ्या शतकातला. म्हणजे ही कथा अस्त्राला त्याच्या खऱ्या जन्माच्या साडेतीनशे वर्षे मागे नेते. तरीही ती धूर्त आहे. मागणाऱ्याला 'देत नाही' म्हटले तर वैर येते; 'देवाने मना केले आहे' म्हटले की वाद मिटतो. शाप, वेदी, वीज या सगळ्यांनी मिळून गुपिताभोवती एक असा तट उभा केला, ज्याला पहारेकरी लागत नव्हते.

१५/
पण त्याच ग्रंथात जरा पुढे, ४८व्या प्रकरणाच्या अखेरीस, सम्राट सहज लिहून जातो की, कॉन्स्टंटाइन चौथ्याच्या काळात हेलिओपोलिसहून पळून आलेल्या कॅलिनिकोसने नळ्यांतून फेकण्याचा द्रव अग्नी तयार केला आणि त्याच्या बळावर रोमनांनी सायझिकस येथे अरबांचे आरमार जाळले. एकाच ग्रंथात, एकाच मुलाला सांगितलेल्या या दोन गोष्टी. देवदूत परक्यांसाठी होता. घरात मात्र निर्वासिताचे नाव ठाऊक होते. दरबाराला खरे काय ते माहीत होते, आणि तरीही जगापुढे उभा केला गेला तो देवदूतच.

१६/
मग गुपित नेमके काय होते? एकेकाळी अभ्यासकांनी सोरा असावा असे मानले, कोणी चुनकळीचा तर्क केला. आज बहुतेकांचा कल कच्च्या खनिज तेलाकडे आहे, कदाचित त्यात राळ मिसळलेली. हे तेल काही ठिकाणी जमिनीतून आपोआप झिरपते. कॉन्स्टंटाइनच्या त्याच ग्रंथाचे ५३वे प्रकरण काळ्या समुद्राच्या ईशान्येकडील तमातार्खा परिसरातल्या अशा तेलविहिरींची जंत्री देते. जो सम्राट १३व्या प्रकरणात देवदूताची कथा सांगतो, तोच ५३व्या प्रकरणात विहिरी कुठे आहेत ते टिपून ठेवतो, यात पुष्कळ काही आले.

१७/
तेल मात्र एकट्या रोमनांजवळ नव्हते. अरब त्याला 'नफ्त' म्हणत. आजच्या 'नाफ्था'शी जुळणारा हा शब्द. अब्बासी खलिफांच्या सैन्यात 'नफ्फातून' नावाचे, नफ्त फेकणाऱ्यांचे वेगळे पथक होते. ११६८ मध्ये धर्मयोद्ध्यांच्या हाती पडू नये म्हणून कैरोजवळचे फुस्तात शहर जाळण्यात आले, तेव्हा नफ्ताची २०,००० मडकी वापरल्याचे इतिहासकार मक्रिझी सांगतो. म्हणजे शत्रूच्या घरातही तेलाचे रांजण भरलेले होते. तेल हेच गुपित असते, तर ते पहिल्या दिवशीच फुटले असते.

१८/
मडके फेकणे आणि झोत सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. झोताचे वर्णन मिळते तेही बाहेरच्यांकडून. नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका लॅटिन टिपणात म्हटले आहे की, जहाजाच्या पुढच्या भागात भट्टी असते, तिच्यावर तांब्याचे भांडे, खाली जाळ. आणि मुले खेळतात तसल्या पिचकारीसारख्या पितळी नळीने ते शत्रूवर उडवतात. होळीच्या दिवसांत अंगण भिजवणाऱ्या मराठी मुलाला हे यंत्र समजावून सांगायला नको. आइसलँडच्या एका सागा-कथेतही भाते, धगधगती भट्टी आणि पितळी नळीतून मोठ्या आवाजासह निघणारी ज्वाला असे चित्र येते.

१९/
एकविसाव्या शतकाच्या आरंभी जॉन हॅल्डन या इतिहासकाराने आपल्या सहकाऱ्यांसह असे यंत्र प्रत्यक्ष बांधून पाहिले. बंद भांड्यातले कच्चे तेल आणि राळ तापवायची, पंपाने दाब द्यायचा, फिरत्या नळीतून झोत सोडायचा आणि तोंडाशी तो पेटवायचा. ज्वाला सुमारे १० ते १५ मीटरपर्यंत गेली आणि समोरची नाव जळून गेली. प्रयोग यशस्वी झाला आणि त्यातले धोकेही उघड झाले. तेल जास्त तापले, दाब वाढला किंवा सांध्यातून गळती झाली, तर पहिले जळते ते स्वतःचेच लाकडी जहाज.

२०/
अशा यंत्रामागे उभा राहणारा माणूस कोण? सम्राट लिओ सहावा याच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात त्याचे उत्तर आहे. जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला जे दोन वल्हेकरी बसत, त्यांतल्या एकाकडे नळी आणि दुसऱ्याकडे नांगर. म्हणजे साम्राज्याचे सर्वात मौल्यवान गुपित एका वल्हेकऱ्याच्या हातात असे. भट्टी किती वेळ पेटवायची, भात्याचा सूर बदलला की काय समजायचे, वारा अंगावर आला तर नळी कोणीकडे वळवायची, हे ज्ञान वेदीवर कोरता येत नाही. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, हातोटी. एका हाताने दुसऱ्या हाताला ती शिकवावी लागते.

२१/
याचा पुरावा बल्गेरियाने दिला. ८१२ मध्ये बल्गेरियाचा खान क्रुम याने काळ्या समुद्राकाठचे मेसेम्ब्रिया हे रोमन बंदर घेतले. लुटीत सोन्या-चांदीबरोबर आग फेकण्याच्या ३६ नळ्या आणि द्रव अग्नीचा मोठा साठाही मिळाला. यंत्र हाती आले, इंधन हाती आले. साम्राज्याला ज्याची भीती होती ते सारे घडून गेले. पण बल्गेरियनांनी पुढे त्या नळ्यांतून आग फेकल्याची नोंद काही आढळत नाही. भांडार लुटता आले, हातोटी लुटता आली नाही.

२२/
हातोटीचा कळस दिसतो तो १०९९ मध्ये, पिसाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत. राजकन्या अ‍ॅना कोम्निनी हिने आपल्या पित्याच्या, सम्राट अलेक्सियोसच्या चरित्रात त्याचे वर्णन केले आहे. जहाजांच्या पुढच्या टोकांना पितळेची आणि लोखंडाची सिंहासारख्या प्राण्यांची मुखे बसवून ती सोन्याने मढवली होती, आणि उघड्या जबड्यांतून आग बाहेर पडत होती. पिसाचे लोक हबकले ते एका वेगळ्याच कारणाने. आग स्वभावतः वर जाते. ही आग मात्र खाली, डावीकडे, उजवीकडे, माणूस सांगेल तिकडे जात होती.

२३/
याच अ‍ॅनाने आणखी एका प्रसंगात कृतीही दिली आहे. पाइनसारख्या झाडांची राळ गंधकाबरोबर कुटायची, बोरूच्या नळीत भरायची आणि दमदार फुंकरीने ज्योतीवर उडवायची. गावच्या जत्रेत किंवा दशावतारात पेटत्या मशालीवर राळ फेकली की भपकन जाळ उठतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला ही क्रिया ओळखीची वाटेल. पण भुयारातल्या झटापटीत कामी आलेला हा कोरडा भपका म्हणजे जहाजावरचा द्रव अग्नी नव्हे. राजकन्येलाही लिहिता आली ती एवढीच कृती. द्रव अग्नीची कृती तिच्या ग्रंथात नाही.

२४/
हे अस्त्र सर्वशक्तिमान मात्र मुळीच नव्हते. पल्ला अगदी थोडा, त्यामुळे शत्रू जवळ यावा लागे. समुद्र खवळलेला असेल किंवा वारा उलटा असेल, तर ते वापरणाऱ्यावरच उलटे. हळूहळू लोकांनी तोडही काढली. ११७१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून निसटणाऱ्या एका व्हेनिसच्या जहाजाने सिरक्यात भिजवलेले लोकरी कापड सर्वांगाला लपेटले. पाठलाग करणाऱ्यांची आग एकतर पोहोचली नाही, किंवा पोहोचून विझली. धाक ओसरू लागल्याची ही खूण होती.

२५/
शिवाय तेलाची वाटही अरुंद होत गेली. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात कुमान टोळ्यांचे वर्चस्व वाढले. ११६९ मध्ये सम्राट मॅन्युएलने जिनोआच्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या, पण 'रोसिया' आणि 'मात्राखा' या दोन ठिकाणी जाण्यास मात्र मनाई केली. मात्राखा म्हणजे तेच तमातार्खा, तेलविहिरींच्या परिसरातले. ही मनाई तेलासाठीच असावी, असे काही अभ्यासक मानतात.

२६/
पण शेवटचा घाव शत्रूने घातला नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस आरमाराचा प्रमुख होता मिखाईल स्ट्रिफनोस, राणीचा मेहुणा. त्याने जहाजांचे खिळे, नांगर, शिडे, दोर विकून सोने केले, असे निकेतास कोनियाटिस हा समकालीन इतिहासकार संतापाने लिहितो. १२०३ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाचे आरमार समोर उभे ठाकले, तेव्हा साम्राज्याने दुरुस्तीला काढली ती जवळपास २० कुजकी, किड्यांनी पोखरलेली जहाजे. ९४१ मध्येही जुनी जहाजे होती अवघी १५. फरक इतकाच की, तेव्हा बोलावल्याबरोबर येणारे कारागीर होते.

२७/
१ जानेवारी १२०४ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांनी १७ जहाजांत लाकूड, डांबर आणि जळाऊ सामान भरले, ती पेटवली आणि वाऱ्यावर सोडून दिली. व्हेनिसच्या खलाशांनी आकडे टाकून ती एकेक बाजूला ओढली आणि प्रवाहात ढकलली. जळाले ते पिसाचे एक व्यापारी जहाज. ज्या नगरीने शतकभरापूर्वी आगीला डावे-उजवे वळण लावले होते, ती आता वाऱ्यावर विसंबून होती. त्या वेढ्याच्या वर्णनांत नळीतून सुटणारा सागरी अग्नी कोठेही दिसत नाही. एप्रिलमध्ये नगरी पडली.

२८/
विद्या दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. या विद्येबाबत ते सोपे नव्हते; ती शत्रूला दिली असती तर नगरी पाचशे वर्षे आधीच पडली असती. गुपित राखणे ही चूक नव्हती. चूक दुसरीकडे असावी. गुपित देवाचे आहे, ते वेदीवर सुरक्षित आहे, असे जगाला सांगता सांगता राजसत्तेलाही ते हळूहळू पटत गेले असावे. शाप गुपिताला बाहेर जाऊ देत नव्हता, पण पुढच्या पिढीकडे नेऊही शकत नव्हता. ते काम भट्टीजवळ बसणाऱ्यांचे होते. आरमार विकले गेले त्या दिवशी त्यांचे काम गेले. आणि त्यांच्याबरोबर आगही गेली.

२९/
आज माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बाराव्या शतकातले एक सचित्र हस्तलिखित आहे. इतिहासकार स्किलित्झिस याच्या ग्रंथाची ही प्रत सिसिलीत तयार झाली. तिच्यातल्या एका चित्रात नवव्या शतकातील बंडखोर थॉमस द स्लाव्ह याच्या लोकांवर सागरी अग्नी सोडलेला दाखवला आहे. ग्रीक फायरचे सर्वपरिचित चित्र ते हेच. लाल-केशरी झोत समोरच्या नावेला भिडतो आहे, आणि झोताच्या अलीकडे एक माणूस दोन्ही हातांनी नळी धरून उभा आहे.

३०/
चित्रावर ग्रीक अक्षरांत मथळा आहे: रोमनांचे आरमार शत्रूचे आरमार जाळत आहे. आरमाराचा उल्लेख आहे, शत्रूचा उल्लेख आहे, नळी धरणाऱ्या माणसाचे नाव मात्र नाही. कॅलिनिकोसचे नाव निदान एका बखरीत आणि एका सम्राटाच्या ग्रंथात, जाता जाता का होईना, उरले. पुढच्या पाच शतकांत ती नळी ज्यांनी पेलली त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या चित्राला ठाऊक नाही. हे चित्र पुन्हा कधी समोर आले, तर ज्वालेवरून नजर जरा मागे न्यावी. गुपित तिथे, त्या दोन हातांत होते.